शेपटीचं लिंबू

विमान पाटावर बसवायचं की चौरंगावर, यावरून इंगवल्यांच्या घरात सकाळी सकाळीच दोन तट पडले. थोरली सून संयोगिता पाटाच्या बाजूची, धाकटी मोना चौरंगाच्या. या दोघी जावा कुठल्याही बाबतीत एका बाजूला उभ्या राहिल्याचं मंगळवार पेठेत आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा त्यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच, की विमान ज्याचं, त्याला कुणी विचारत नव्हतं.

अमरसिंह स्वयंपाकघराच्या दारात केळं खात उभा होता. गच्चीवरच्या खोलीत तीन वर्षं खपून त्याने ते बनवलं होतं. हवाई दलाचं जुनं, इवलंसं लढाऊ नॅट. त्याची हुबेहूब प्रतिकृती. लांबीला पहिलीतल्या पोराएवढं, पोटात विजेवर गरगरणारा पंखा, आणि जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं. पंखांवरची तिरंगी गोल चिन्हंसुद्धा जशीच्या तशी. काचेच्या टोपणाखाली बोटाएवढा वैमानिक बसवला होता आणि त्याला आबांची मिशी लावली होती. अमरसिंहने अशी बरीच विमानं केली होती. त्यांतलं एकही आबांनी उडताना पाहिलं नव्हतं. ‘खेळणी’ म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे.

आज मात्र त्यांना पाहावंच लागणार होतं. आज संध्याकाळी कळंब्याकडच्या एका लॉनवर आबांचा, म्हणजे सयाजीराव इंगवल्यांचा, सहस्रचंद्रदर्शन सोहळा होता. आधी औक्षण, मग गूळतुला, मग सत्कार, आणि शेवटी ‘आकाशातून पुष्पवृष्टी’. पुष्पवृष्टी अमरसिंहकडे, म्हणजे त्याच्या विमानाकडे होती. बाकी सगळं धाकट्या उदयसिंहकडे होतं, कारण त्याला यंदा महापालिकेचं तिकीट हवं होतं, ते देणारे पक्षाचे साहेब यायला तयार होते आणि वडिलांना नेमकी आत्ताच एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. योग एवढे जुळून आल्यावर त्याने तरी काय करावं!

आतल्या खोलीत वेगळंच युद्ध पेटलं होतं.

“ह्ये काय लिव्हलंयस?” आबांनी उदयसिंहचा मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता. बॅनरचा फोटो होता. मध्यभागी उदयसिंह, हात जोडून. त्याच्याभोवती पेठेतले एकसष्ट शुभेच्छुक. आणि वर कोपऱ्यात, तिकिटाएवढे, आबा.

“वाचा की. ‘एकाहत्तरच्या युद्धातील झुंजार वैमानिक.’”

“मी कवा विमान उडिवलं?”

“आबा, आता परत ते काढू नका.”

“काढायचं काय त्यात? मी फिटर हुतो. फिटर लिव्ह.”

“फिटर लिव्हलं तर लोकं नळ गळतोय म्हणून बोलवाय येतील.”

“येऊ देत की. नळ तरी नीट हुतील पेठेतले.”

आबांवर कुणी खोटेपणाचा आळ घेऊ शकत नव्हतं, हीच तर त्यांची अडचण होती. कोवळ्या वयात ते हवाई दलात गेले आणि विमानाचा सांगाडा, पंख, शेपूट तपासणारे फिटर झाले. पहिल्या सुट्टीला निळ्या कपड्यांत पेठेत उतरले तेव्हा तालमीच्या कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, “आला बघा पायलट!” आबांनी तिथल्या तिथे सांगितलं, “पायलट न्हाय, फिटर.” कट्टा म्हणाला, “बघा, किती साधा हाय!” तेव्हापासून आजतागायत ते चूक दुरुस्त करत होते, आणि जितकी दुरुस्त करत तितके लोकांना जास्त नम्र वाटत. शाळेत पाहुणे म्हणून गेले, तिथे ‘फिटर’ म्हणाले, तर हेडमास्तरांनी डोळे पुसले.

नम्रपणाचा हा आळ आबांना फार झोंबायचा. कारण ते अजिबात नम्र नव्हते. त्यांच्या मते पायलट म्हणजे पावणा. आला, बसला, फिरून आला, चहा प्यायला गेला. विमान फिटरचं. फिटरने सही केल्याशिवाय ते जागचं हलत नसे. एकदा एक स्क्रू-ड्रायव्हर सापडेना, तर तो सापडेपर्यंत सयाजी इंगवलेंनी विमान रोखून धरलं होतं आणि मोठ्या साहेबाच्या शिव्या उभ्याउभ्या खाल्ल्या होत्या. स्क्रू-ड्रायव्हर सापडला तो शेपटीच्या आत, तिची फळी हलवणाऱ्या तारांच्या सांध्यात; तसंच उडालं असतं तर विमान पडलं असतं. तो दिवस आबांच्या लेखी आयुष्यातला सगळ्यात मोठा. त्याबद्दल मात्र त्यांना कुणी कधी काही विचारलं नाही.

आणि घरात अमरसिंह. त्याच्या प्रत्येक विमानात ते मिशीवालं बाहुलं ऐटीत बसलेलं असे. कधी न उडवलेल्या विमानात स्वतःला बसलेलं बघून माणसाला काय वाटत असेल, हे अमरसिंहला सुचलं नाही आणि आबांनी कधी सांगितलं नाही. ते पेपर वर करत राहिले.

“हे बघ उदया,” आबा म्हणाले, “माझा सोहळा हाय न्हवं? मग माझी एकच मागणी. भर मांडवात, माईकवरनं, एकदा तरी कुणीतरी मला फिटर म्हणायचं. मग काय बी करा. गुळात बसवा, तुपात बसवा.”

“सांगतो निवेदकाला.”

“नक्की?”

“आबा, मी कधी शब्द फिरवलाय व्हय?”

या प्रश्नाचं उत्तर देणं आबांनी टाळलं. वयोमानाने माणूस काही गोष्टी सोडून द्यायला शिकतो.

*

बाहेरच्या खोलीत पाटाचा विजय झाला होता, कारण चौरंगावर विमान मावेना. मोनाने ही हार मनावर घेतली. तिने ट्रायपॉड लावला, लाइट लावला आणि आपली मागणी मांडली.

“दादा, शेपटीवर माझा छोटा कॅमेरा लावायचा. वरनं सगळा मांडव दिसला पायजे. रील करतो मी.”

मोना माहेरची कागलची. रागात आली की ‘करते’चं ‘करतो’ व्हायचं, आणि सध्या ती बहुतेक वेळ रागातच असे.

“कॅमेरा नको, मोना. वजन हुतंय,” अमरसिंह म्हणाला.

“एवढासा तर हाय!”

“कॅमेरा नकोच,” संयोगिता म्हणाली, आणि नवऱ्याला वाटलं, चला, बायको आपल्या बाजूने आहे. “लिंबू-मिरची पायजे. एवढी माणसं बघणार, दृष्ट लागंल. आमच्या चंदगडला नवी एसटी आली तरी पहिल्यांदा लिंबू बांधत्यात.”

“एसटी उडत न्हाय, संयोगिता.”

“म्हणून तर! ही उडणारी गोष्ट. हिला जास्त.”

“बरं, पण पुढं बांधता येणार न्हाय. पुढच्या भोकांतनं पंखा हवा ओढून घेतोय. मिरची आत गेली तर पंखा फुटंल.”

“मग मागं बांधा. शेपटीला.”

इथे मोनाच्या डोक्यात प्रकाश पडला. जावेच्या लिंबाला विरोध केला तर आपला कॅमेरा जातो. ती घाईने म्हणाली, “ताईंचं बरोबर हाय, दादा. लिंबू पायजेच.”

संयोगिताने चमकून तिच्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ‘ताईंचं बरोबर’ हे शब्द तिच्या कानांवर पडले होते. उपकार ठेवून घ्यायची तिला सवय नव्हती. “आन् हिचा कॅमेरा बी लावा,” ती म्हणाली. “पोरीनं हौसेनं आणलाय.”

अशा रीतीने इंगवल्यांच्या घरात जावाजावांची युती झाली, आणि अमरसिंह एकटा पडला. तेवढ्यात उदयसिंह आतून आला. दोघा भावांचं दसऱ्यापासून धड बोलणं नव्हतं. गच्चीवरची खोली उदयसिंहला संपर्क कार्यालयासाठी हवी होती, आणि अमरसिंहचं म्हणणं होतं की, तिथे आधीच विमानतळ आहे.

“दादा, एक स्टिकर लावायचाय,” उदयसिंह म्हणाला. हातात त्याचा स्वतःचाच हसरा चेहरा होता, ताटाएवढा. “शेपटीवर. तेवढीच सपाट जागा दिसतीया. तू एवढं कर, खोलीचं मी परत तोंडातनं काढणार न्हाय.”

अमरसिंहने केळ्याची साल खिडकीत ठेवली. खोली कायमची आपली. तीन वर्षांच्या कामापेक्षा एक स्टिकर काय जड! त्याने मान हलवली.

राजारामपुरीचा डॉक्टर श्रीपाल आला तेव्हा विमान पाटावर नटून बसलं होतं. हळदकुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता. श्रीपाल पेशाने दातांचा डॉक्टर आणि छंदाने अमरसिंहचा जोडीदार. रविवारी दोघे गावाबाहेरच्या माळावर विमानं उडवायचे. त्याने सवयीने दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान उचललं. विमान आडवं तरंगायला हवं होतं. शेपूट धप्पकन पाटावर बसलं.

“हे काय लगा?” श्रीपाल म्हणाला. “काल बरोब्बर तोललेलं हुतं की!”

“बॅटरी पुढं सरकवतो.”

“किती सरकवणार? नाकात जागा न्हाय आता.” त्याने आवाज खाली आणला. “अमर, नाक जड असलं तर विमान रडतखडत उडतं. शेपूट जड असलं तर एकदाच उडतं. तुला काय सांगायचं? तूच मला शिकवलंस.”

“मला कळतंय रे.”

“मग सांग की घरात.”

अमरसिंहने घराकडे पाहिलं. एकीकडे बायको, एकीकडे भावजय, मध्ये भाऊ. “तू सांग,” तो श्रीपालला म्हणाला.

सांगायची पाळी कुणावरच आली नाही. आबा कधी बाहेर येऊन उभे राहिले ते कुणाला समजलं नव्हतं. नवं धोतर, कोरा फेटा, आणि चेहरा असा की जणू रात्रपाळी संपवून आले आहेत. ते सरळ पाटापाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले, आणि दोन बोटं पंखांखाली घातली. शेपूट बसलं.

“ह्ये उडणार न्हाय,” आबा म्हणाले.

“आबा, साहेब येणार हायत,” उदयसिंह म्हणाला.

“साहेब येणार म्हणून शेपूट हलकं हुतंय व्हय?”

“मग त्यांचं लिंबू काढा,” मोना म्हणाली. युती तासाभरातच मोडली.

“कॅमेरा काढा आधी!” संयोगिता म्हणाली. “लिंबाचं काय वजन!”

“स्टिकर तर कागद हाय नुसता,” उदयसिंह कुणी न विचारताच म्हणाला.

“सगळं काढा,” आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण तो घरात ऐकलेला नेहमीचा आवाज नव्हता. कुठल्यातरी लांबच्या धावपट्टीवरचा होता. लिंबू सुटलं, कॅमेरा निघाला, उदयसिंहचा हसरा चेहरा कोपऱ्यापासून सोलला गेला. आबांनी पुन्हा बोटं घातली. विमान आडवं तरंगलं. मग त्यांनी शेपटीची फळी वरखाली हलवून बघितली, चाकं फिरवली, पंखाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

अमरसिंह बघत होता. तीन वर्षं कशाला, उभ्या आयुष्यात आबांनी त्याच्या विमानाला कधी हात लावला नव्हता.

“सांधा बरा जमलाय,” आबा म्हणाले. त्यांनी काचेखालच्या बाहुल्याकडे तेवढं पाहिलं नाही. “संध्याकाळी उडवायच्या आधी परत माझ्याकडं आण. मी बघितल्याबिगर सोडायचं न्हाय.”

“व्हय, आबा,” अमरसिंह म्हणाला, आणि हे एवढं मोठं विमान बगलेत धरून तो जिना लहान मुलासारखा दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेला.

*

लॉनवर माणूस मावत नव्हतं. साहेब येणार असल्यामुळे पेठ आली होती, आणि पेठ येणार असल्यामुळे साहेब आले. त्यांना यायला बराच उशीर झाला, पण तो धरूनच पत्रिकेवर वेळ घातली होती. स्टेजच्या मागे बॅनर ताणून बांधलेला. स्टेजवर फुलांनी मढवलेला तराजू. एका पारड्यात आबा मांडी घालून बसले होते, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, इकडच्या भाषेत रवे, चढत होते, आणि निवेदक प्रत्येक रव्याला एक विशेषण लावत होता.

“शौर्य! धैर्य! आणि हा आणखी एक रवा, गगनभरारी! आपले लाडके पायलट आबा!”

आबांनी पारड्यातून उदयसिंहकडे पाहिलं. उदयसिंह साहेबांच्या कानाशी लागला होता. त्याने निवेदकाला काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हता. त्याच्या मते पायलटचा मुलगा नगरसेवक होतो, फिटरच्या मुलाला फार तर कॉर्पोरेशनमध्ये नोकरी लागते. यात त्याला वडिलांचा अपमान दिसत नव्हता. त्याला तिकीट दिसत होतं.

“फिटर,” आबा पारड्यातून म्हणाले. ढोल-ताशात कुणाला ऐकू गेलं नाही.

मग अमरसिंह विमान घेऊन आला. ठरल्याप्रमाणे त्याने ते आबांच्या पुढ्यात धरलं. आबा जरा सावरून बसले. एवढ्या गोंधळात हे एक काम त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी दोन बोटं पुढे केली.

“जरा थांबा,” आबांच्या पत्नी बनाबाई म्हणाल्या.

त्या पारड्याला लागून उभ्या होत्या. दिवसभर त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. सुना भांडत होत्या तेव्हा त्या देवघरात होत्या. आता त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कापडाची पुरचुंडी होती, गुलालाने गुलाबी झालेली.

“ज्योतिबाचा गुलाल हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या विमानाला बांधायचा हाय.”

“आगं, आता कशाला?”

“नवस हाय माझा.” त्यांचा आवाज लहान झाला. “तुमी लढाईत हुता. पत्र न्हाय, काय न्हाय. मी ज्योतिबाला बोललो, माणूस माघारी येऊ दे, तुझा गुलाल त्यांच्या विमानावर टाकीन. तुमी आलासा. पर विमान कुठनं आणू मी? पेठेत कवा विमान आलं?”

ढोल वाजत होता, साहेब घड्याळ बघत होते. संसार जवळजवळ हीरकमहोत्सवी होत आला, आणि ही बाई एवढी वर्षं देवाची देणेकरी राहिली. कधी बोलली नाही.

“पुढं नको,” आबा शेवटी म्हणाले. “पंखा ओढून घेईल. मागं बांध.”

बनाबाईंनी पुरचुंडी शेपटीला बांधली. गाठ बसेना, म्हणून आबांनीच ती मारून दिली.

आणि तिथेच सगळं बिनसलं.

“आत्तींचा गुलाल चालतो, मग माझंच लिंबू जड झालं व्हय?” संयोगिता पुढे आली. लिंबू-मिरची तिने पर्समधून आणली होती. “ही बी देवाचीच गोष्ट हाय.”

“मग माझा कॅमेरा?” मोना.

“आबा, साहेब बघायला लागलेत,” उदयसिंह म्हणाला आणि खिशातून स्टिकर काढला. दुसरा. त्याने दोन छापून घेतले होते.

आबांना ‘न्हाय’ म्हणायचं होतं. सकाळी किती सहज म्हणाले होते! पण सकाळी त्यांच्या बोटांनी स्वतः कुठली गाठ मारली नव्हती. आता बायकोचं ठेवून सुनांचं काढायचं, तर ते न्यायात बसत नव्हतं. आणि सुनांचं काढायला बायकोचं काढायचं, तर ते त्यांच्याने होत नव्हतं. लिंबू बांधलं गेलं, कॅमेरा चिकटला, उदयसिंह हसला. आबांनी पंखांखाली बोटं घातली.

शेपूट खाली गेलं. धप्पकन नाही, हळूच, पण गेलं.

अमरसिंहने पाहिलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या श्रीपालने पाहिलं आणि तो म्हणाला, “काका, नको.” आबांनी पाहिलं, आणि मग बनाबाईंकडे पाहिलं. त्या हात जोडून उभ्या होत्या. देवाला की विमानाला, ते सांगणं कठीण होतं.

“जाऊ दे,” आबा म्हणाले. “उडव.”

“आबा, शेपूट—”

“मी बघितलंय न्हवं? उडव.”

अमरसिंहला ठाऊक होतं की विमान एकदाच उडेल. पण आबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याला ‘उडव’ म्हटलं होतं. असल्या वेळी माणूस कुठे तोल बघतो?

*

लॉनच्या बाजूच्या डांबरी रस्त्यावरून विमान सुसाट धावलं आणि अगदी खऱ्यासारखं वर गेलं. पेठेच्या तोंडून “आई शप्पथ!” निघालं. मग नाक आणखी वर झालं. आणखी वर. अमरसिंह रिमोटची काडी पुढे दाबत होता, नाक ऐकत नव्हतं. घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहावा तसं विमान मांडवावर उभं राहिलं, आणि लोकांनी शिट्या मारल्या. ही कसरत आहे असं त्यांना वाटलं.

पोटाचा दरवाजा उघडून पुष्पवृष्टी झाली, ती सगळी आचाऱ्यांच्या पांढऱ्या रश्श्यात. विमानाने कोलांटी मारली, पुरचुंडी फुटली, आणि गुलाल उधळला. स्टेजवर, फेट्यांवर, साहेबांच्या कडक पांढऱ्या कपड्यांवर. क्षणभर सगळा मांडव गुलाबी झाला.

“ज्योतिबाच्या नावानं चांगभलं!” कुणीतरी ओरडलं, आणि अख्ख्या लॉनने साथ दिली.

त्या गजरात विमान बॅनरवर आलं, उदयसिंहच्या जोडलेल्या हातांतून आरपार गेलं आणि मागच्या गवतात जाऊन पडलं. नशीब, तिथे कुणी नव्हतं.

भीतीने सगळे गप्प होणार, एवढ्यात निवेदकाने आपलं कसब दाखवलं. “तर मंडळी, हे होतं एकाहत्तर साली पायलट आबांनी शत्रूचं विमान कसं पाडलं, त्याचं थरारक प्रात्यक्षिक!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“अहो, त्याच्यावर आपला तिरंगा होता!” श्रीपाल ओरडला. “आपलंच विमान हाय ते!” पण पडलेलं विमान कुणाचं, ही चौकशी टाळ्या वाजवणारा माणूस करत नाही.

उदयसिंह साहेबांकडे वळला, उपरण्याने त्यांचा खांदा झटकू लागला. साहेबांनी त्याचा हात धरला. ते नखशिखांत गुलाबी झाले होते आणि प्रसन्न हसत होते. “राहू दे रे. निवडणुकीच्या आधीच गुलाल पडला. ह्याच्यासारखा शकुन न्हाय.” उदयसिंहला एकदम वाटलं, थोरला भाऊ काही अगदीच वाया गेलेला नाही.

अमरसिंह मात्र रिमोट गळ्यात घेऊन तिथेच उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवून एकजण म्हणाला, “ह्येला उडवाय येत न्हाय वाटतं.” दुसरा म्हणाला, “बापाचा हात कुठनं येणार?” हे पारड्यात ऐकू आलं.

“तो माईक हिकडं आण,” आबा म्हणाले.

निवेदकाने आनंदाने दिला.

“मंडळी, ह्ये प्रात्यक्षिक न्हाय,” आबा म्हणाले. “विमान पडलंय. शेपूट जड झालतं. पोरगं मला म्हणालं हुतं, शेपूट बगा. त्येची चूक न्हाय. विमान वर न्यायचं काम उडिवणाऱ्याचं. सोडायचं का न्हाय, ह्ये फिटर ठरिवतो. फिटरनं बोट लावून बगितलं. फिटरला कळलं. तरी फिटरनं सोडलं.” त्यांनी एक श्वास घेतला. “फिटर मी हाय. सयाजी इंगवले, फिटर.”

सगळं लॉन शांत झालं. आबांना वाटलं, झालं. चुकीच्या पोटी का होईना, आज सांगून झालं.

साहेब उठून उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. “पोराची चूक आपल्या अंगावर घेतली,” ते म्हणाले. “ह्याला म्हणत्यात मोठेपणा! ह्याला म्हणत्यात खरा पायलट!”

“पायलट आबांचा विजय असो!” पेठेने आरोळी ठोकली. आबांनी माईककडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि माईक निवेदकाला परत दिला. पारड्यातून उतरायला त्यांना दोघांनी हात दिला, तेव्हा ते एकदम म्हातारे दिसले.

*

जेवणाच्या पंगती बसल्या. स्टेज रिकामं झालं तसा अमरसिंह विमानाचे तुकडे टेबलक्लॉथमध्ये बांधून घेऊन आला. आबा खाली पायरीवर बसले होते, बनाबाई त्यांच्या शेजारी. त्यांच्या केसांत गुलाल होता.

“माझ्या गुलालानं पडलं व्हय?” त्यांनी विचारलं.

“न्हाय,” आबा म्हणाले. “गुलाल कुठं पडला?”

“मांडवभर.”

“विमानातनं पडला न्हवं? मग नवस फिटला. विमान पडलं ते त्येच्या मागनं.”

बनाबाईंनी मान हलवली. खरं-खोटं त्यांना कळत होतं, पण अशी वेळ आली की खोटं बोलणाऱ्याला टोकायचं नसतं.

अमरसिंहने गाठोडं सोडलं. एक पंख, अर्धं शेपूट, चिरडलेली मिरची. काचेचं टोपण फुटलं होतं, पण आतलं बाहुलं मिशीसकट धड होतं. आबांनी ते पहिल्यांदाच नीट न्याहाळलं.

“ह्यो कोण?”

“तुम्ही,” अमरसिंह म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “मला म्हाईत हाय तुम्ही बसला न्हवता. लहानपणापासनं म्हाईत हाय. म्हटलं, एकदा तरी बसवावं.”

“मला बसायचंच न्हवतं रे, अमऱ्या.”

हे वाक्य इतक्या वर्षांत या घरात कुणी ऐकलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. अमरसिंहने अंगठ्याने दाबून बाहुल्याला आसनातून सोडवलं. बसल्या मापाने घडवलेलं होतं, त्यामुळे पाय वाकडे होते.

“पुढचं विमान करतो,” तो म्हणाला. “ह्यात दुसरा कोणतरी बसवतो. पावणा.”

“आन् मला?”

“तुम्हाला खाली उभं करतो. शिडीला धरून. हातात स्क्रू-ड्रायव्हर.”

मांडवाच्या त्या टोकाला पंगतीत कुणीतरी पुन्हा पायलट आबांचा जयजयकार केला, आणि बाकीच्यांनी तोंडातला घास सांभाळून साथ दिली. आबांनी तिकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कुणाला दुरुस्त केलं नाही. त्यांनी मुलाच्या हातातलं बाहुलं घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि त्याच्या नाकाखाली बोट टेकवलं.

“मिशी बारीक कर,” आबा म्हणाले. “फिटरला एवढी चालत न्हाय.”